मराठी मेजर चालू ठेवायचा की नाही? एका अनुदानित महाविद्यालयातलं प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गेल्या वर्षी घडलं. मी तिथे अर्थशास्त्र शिकवतो आणि मराठी मेजर, म्हणजे मराठी मुख्य विषय घेऊन करायचं बीए, चालू ठेवायचं का हे पाहायला नेमलेल्या तीन जणांच्या समितीत होतो. महाविद्यालयाचं नाव आणि तालुका मुद्दाम देत नाही. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आमच्याकडे बीए आणि बीकॉम. मुलं बहुतेक आसपासच्या गावांतली, बरीचशी खाणपट्ट्यातून कदंब बसने येणारी. संस्थेचं एक हायस्कूलही आहे, तेही अनुदानित. महाविद्यालयातल्या मंजूर पदांचा पगार सरकारी अनुदानातून येतो. पद टिकतं ते वर्कलोडवर, म्हणजे शिकवण्याच्या तासांवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापकाला 14 तास शिकवणं धरलं आहे. मराठी विभागात दोन पदं. त्यांतले एक सर निवृत्त झाले. विभागाचं एकूण काम 30 तास, म्हणजे राहिलेल्या मॅडमचे 14 वजा केले की बरोबर 16 उरत होते. एक पद मागता येईल इतकंच, तासभरही जास्त नाही.

वाणिज्य शाखेत याच्या उलट. वर्ग भरलेले आणि शिक्षक कमी. व्यवस्थापन मंडळात विषय निघाला तो असा: मराठीचं पद भरायचा प्रस्ताव उच्च शिक्षण संचालनालयाकडे पाठवायचा, की मराठी मेजरला नवीन प्रवेश थांबवून सगळा जोर वाणिज्यच्या वाढीव पदावर लावायचा? मेजर थांबला की मराठीचे हे उरलेले तास 16 च्या खाली जाणार आणि ते पद कायमचं जाणार. अनुदानातलं गेलेलं पद परत मिळवणं किती कठीण असतं, हे ज्यांनी फायली घेऊन पर्वरीला संचालनालयात खेपा घातल्या आहेत त्यांना सांगायला नको.

संस्थेचे कोषाध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी. त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो. भाईंनी अमेरिकेतल्या नव्या कायद्याबद्दल वाचलं होतं. 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या त्या कायद्यात पदवी अभ्यासक्रमांसाठी कमाईची कसोटी आहे. अभ्यासक्रम पूर्ण करून चार वर्षं झालेल्या विद्यार्थ्यांच्या कमाईचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातली मधली संख्या, काढायचा. त्या राज्यातल्या 25 ते 34 वयाच्या, फक्त हायस्कूल झालेल्या कमावत्या लोकांच्या मध्यकाशी तो ताडून पाहायचा. तीनपैकी दोन वर्षं तो कमी भरला, तर त्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळणं बंद. अंमल 1 जुलै 2026 पासून.

बैठकीत भाई म्हणाले, "सर, माझं मराठीशी वैर नाही. माझ्या घरात रोज ज्ञानेश्वरी वाचली जाते. पण तीन वर्षं शिकून मूल बारावीवाल्याइतकंही कमावत नसेल, तर तिथे लोकांच्या करातून आलेला पगार का घालायचा, याचं उत्तर मला कोणीतरी आकड्यात द्या."

प्रश्न रास्त होता. आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं.

अडचण कुठे होती

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांची नोकरी आणि पुढचं शिक्षण यांची माहिती भरावी लागते. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या अर्जात नोकरी लागलेल्या पदवीधरांचा मध्यक पगारही विचारतात. आमच्या नॅकच्या फाईलमध्ये मात्र नेमणूकपत्रांच्या झेरॉक्स तेवढ्या होत्या. ज्यांनी आपणहून पत्रं आणून दिली, त्यांच्याच. आपली मुलं चार वर्षांनी कुठे असतात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यातला मी सतरा वर्षांचा जुना शिक्षक आहे.

पहिला पेच इथेच पडला: कमाई मोजायची तरी का? मराठीच्या मॅडमनी स्वच्छ नकार दिला. "साहित्याचं माप पगारात काढलंत की पुढे तत्त्वज्ञान, मग इतिहास, सगळं त्याच तराजूत जाईल," त्या म्हणाल्या. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण त्यांना ठाऊक होतं. तिथे 2021 पासून नोकरीच्या नावाखाली इतिहास, तत्त्वज्ञान असल्या विषयांचं शुल्क खूप वाढवलं आणि परिचर्या, शिक्षणशास्त्र यांचं कमी केलं. 2024 साली तिथल्याच सरकारने नेमलेल्या आढाव्याने ही योजना फसली आहे, ती तातडीने बदला, असं सांगितलं.

मी मॅडमना म्हटलं, आपण मोजलं नाही तर लोक अंदाज करतील, आणि मराठीच्या मुलांबद्दल लोकांचा अंदाज वास्तवापेक्षाही वाईट असेल. दोन दिवसांनी त्या तयार झाल्या. एक अट घातली: फोन करताना नुसता पगार तेवढा विचारायचा नाही. काय करतेस, पुढे काय करायचं आहे, हेही विचारायचं. ही अट पुढे फार उपयोगी पडली.

समोरचे पर्याय

मंडळापुढे तीन वाटा होत्या. एक, कमाईचा आकडा पाहून निर्णय घ्यायचा, आणि आकडा कमी आला तर मेजर थांबवायचा. ही भाईंची वाट. सोपी, आणि कोणालाही समजावून सांगता येण्यासारखी. दुसरी वाट जुन्या रिवाजाची: पद ज्या विषयाचं, त्याच विषयाला द्यायचं, बाकी विचारायचं नाही. मंडळातले बहुतेक जण आतून इकडे झुकलेले होते, कारण तिच्यात भांडण नाही.

तिसरी वाट आम्ही समितीने मांडली. आकडा काढायचा, पण तो निर्णयाची सुरुवात म्हणून. कमी आला तर का कमी, हे शोधायचं आणि त्या कारणावर संस्थेच्या हातात काही आहे का ते पाहायचं. हिला वेळ लागणार होता. प्रस्तावाची मुदत जवळ आलेली, म्हणून मंडळाने आम्हाला दहा आठवडे दिले.

मला स्वतःला एक गोष्ट तेव्हाच मांडायला हवी होती, ती मी फार उशिरा मांडली. अमेरिकेतली कसोटी कर्जासाठी आहे. तिथे पदवीसाठी विद्यार्थी मोठं कर्ज काढतो, कमाई कमी राहिली तर तो ते फेडू शकत नाही, म्हणून सरकार कमाई पाहतं. आमच्या बीएच्या मुलीची फी अनुदानामुळे कमी आहे, तिने कर्ज काढलेलंच नाही. तिचं जाऊ शकतं ते आयुष्यातलं तीन वर्षांचं मोल. तेही मोठंच आहे, पण त्याचं माप वेगळं काढावं लागतं. कर्जासाठी केलेली फूटपट्टी पदाच्या अनुदानाला लावताना ती कशासाठी बनवली होती हे आधी बोललो असतो, तर पहिल्या दोन बैठका वाचल्या असत्या.

काय केलं

2019, 2020 आणि 2021 या तीन वर्षांत मराठी घेऊन बीए झालेल्या 43 जणांची यादी काढली. एकेका वर्षाची मुलं इतकी थोडी की एकाच मुलाला जहाजावर नोकरी लागली तर मध्यक हलतो, म्हणून तीन वर्षं एकत्र घेतली. फोन करायला दोन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी, मॅडम आणि मी.

पहिल्या आठवड्यात आमची मोठी चूक झाली. प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न "सध्या महिन्याला किती मिळतात?" असा होता. एका मुलीने फोन कापला. दुसरीचा फोन तिच्या नवऱ्याने घेतला आणि "तुम्हांला कशाला पाहिजे?" असं विचारलं. त्याचं बरोबरच होतं. चार वर्षांत एकदाही खबर न घेणाऱ्या महाविद्यालयाने एकदम पगार विचारावा, हे कोणालाही खटकेल. त्या मुलीला मी स्वतः परत फोन करून माफी मागितली. मग क्रम बदलला: आधी कुठे आहेस, काय करतेस, घरी सगळी बरी आहेत ना, आणि पैशांचं शेवटी, तेही सांगायचं असेल तर.

34 जण सापडले. 8 जण अजून शिकत होते. 7 जणांची स्वतःची कमाई नव्हती, त्यांत सहा मुली. कमावणारे 19, त्यांत 14 मुली.

आणि मग तुलनेचा प्रश्न. "फक्त बारावी" झालेले कोण? गोव्यासारख्या छोट्या राज्यात मोठ्या सर्वेक्षणातून या एका गटाचा भरवशाचा आकडा काढणं अवघड. त्यामुळे आम्ही आमच्याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन सोडून गेलेली मुलं घेतली. तीच गावं, तेच वय, शिक्षण बारावीपर्यंत. त्यांतले 17 कमावते सापडले.

आकडा, आणि त्याच्यामागची माणसं

मराठीच्या 19 जणांची कमाई चढत्या क्रमाने मांडली, मधली म्हणजे दहावी संख्या आली 14,500 रुपये. बारावीवाल्या 17 जणांची मधली संख्या 18,000. बीकॉमवाल्यांचीही यादी फोनवर काढली होती, ती 20 हजारांच्या आसपास.

भाईंच्या कसोटीत मराठी नापास. आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मॅडम काही बोलल्या नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

पण यादी हातात होती, म्हणून ओळ ओळ वाचायला घेतली. बारावीवाल्या 17 पैकी 13 मुलगे. कोणी जहाजावर, कोणी पणजीच्या कॅसिनोत, कोणी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात पाळीवर, दोघे टिपर चालवणारे. मराठीच्या 19 पैकी 14 मुली. मुली मुलींशी ताडल्या तर चित्र उलटं झालं: मराठीच्या मुलींचा मध्यक 14,000, आणि बारावीवर थांबलेल्या चौघी मुलींपैकी एकीलाही 12 हजार मिळत नव्हते. चौघी म्हणजे काही आकडा नव्हे, यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. पण पहिल्या तुलनेत आपण पदवीचं मोल मोजत होतो की मुलगा-मुलगी हा फरक, हा प्रश्न टाळता येईना. टिपर चालवणं आणि जहाजावर जाणं ही कामं आमच्या भागात मुलींना अजून खुली नाहीत.

जागेचाही प्रश्न होता. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, आणि 2018 च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने 88 लिजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा सगळं थंड. आम्ही फोन केलेली मुलं शिकत होती ती याच काळात. बापाचा ट्रक अंगणात उभा, बँकेचे हप्ते चालू, म्हणून एमएला न जाता मिळेल ते काम धरलेल्या तीन मुली या यादीत होत्या. 2020 ची तुकडी तर टाळेबंदीतच बाहेर पडली. ही मुलं बीएला काय शिकली याचा त्या वर्षीच्या पगाराशी संबंध जोडताना हात थरथरला पाहिजे.

सगळ्यांत जास्त शिकवून गेली ती एक वही.

19 पैकी सहा जणी वेगवेगळ्या सरकारी आणि अनुदानित शाळांत लेक्चर बेसिसवर, म्हणजे जितके तास तितके पैसे या बोलीवर, शिकवत होत्या. त्यांच्यातल्या एकीला मी फोनवर विचारलं, महिन्याला किती? ती म्हणाली, "सर, कुठल्या महिन्याचं सांगू?" मला कळलंच नाही. ती पुढच्या शनिवारी स्वतः महाविद्यालयात आली आणि पिशवीतून एक शंभरपानी वही काढली. डावीकडे तारीख, मग इयत्ता, कितवा तास, आणि शेवटी मुख्याध्यापकांची सही. पानापानावर अशी ओळींची रांग. मध्येच चतुर्थीच्या सुट्टीचा मोठा पांढरा पट्टा, एकही ओळ नाही. मग परीक्षेचे दिवस, पुन्हा मोकळे, कारण पर्यवेक्षणाला तास धरत नाहीत. दिवाळी मोकळी. मे महिन्याचं पान तिने कोरंच उलटलं. पानाच्या तळाशी पेन्सिलीने बेरीज करून ठेवलेली, बिल पास झालं की त्यावर बरोबरची खूण. दोन महिन्यांच्या बेरजेवर खूण नव्हती. ती म्हणाली, "ते अजून यायचेत."

आम्ही मराठीच्या आकड्यात तिची कमाई 19,000 लिहिली होती. फोनवर तिने चांगल्या महिन्याचं सांगितलं होतं. वर्षाची बेरीज करून बारांनी भागली तेव्हा ती साडेअकरा हजारांवर आली. मग सहाही जणींचं असंच वार्षिक काढलं, आणि जहाजावरच्या मुलाचंही. तो करार संपवून घरी आला की पुढचा करार येईपर्यंत काहीच मिळवत नाही. दोन्ही याद्यांत हा हिशोब लावल्यावरचे आकडे मी वर दिले आहेत. आधीचे कच्चे आकडे याहून बरेच वेगळे होते आणि त्यांवर निर्णय झाला असता तर तो साफ चुकीच्या आधारावर झाला असता.

वही पुढे सरकवून मी भाईंना दाखवली. त्यांनी सहीकडे पाहिलं. शाळा आमच्याच संस्थेची होती. मुख्याध्यापकांच्या सहीनंतर बिलं खात्याकडे जातात, ती शाळेचे व्यवस्थापक म्हणून भाईंच्या सहीने. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "मी सही करत होतो. वर्षाला किती पडतात ते कधी विचारलं नाही." आणि त्या मुलीला विचारलं, "बाय, घरी कोण कोण असतं गे?"

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. 19 पैकी आठ जणांचा पगार सरकारी तिजोरीतूनच येत होता: सहा लेक्चर बेसिस, एक बालरथ या शाळेच्या बसवर अटेंडंट, एक पंचायतीत कंत्राटी कारकून. सरकार या मुलींना तासावर राबवतं, सुट्टीत शून्य देतं. आणि मग त्याच कमी पगाराकडे बोट दाखवून, त्यांना शिकवणाऱ्या विषयाला सरकारी पैसा देऊ नये असं ठरवायचं? गावच्या मराठी शाळेत पोरांना शिकवणारं कोणीतरी हवंच आहे. त्या कामाचा मोबदला ठरवण्यात मराठी विभागाचा काडीचाही हात नाही.

आणखी एक गोष्ट दिनदर्शिकेची. 2021 ला बीए, 2023 ला एमए, 2025 ला बीएड: मराठीची मुलगी शाळेत कायमची शिक्षिका होण्याच्या वाटेवर असेल, तर बरोबर चौथ्या वर्षी तिचं शिक्षण संपतं. अमेरिकेच्या कायद्यातही जे शिकत आहेत ते गणतीतून वगळले जातात. आमचे 8 जण असेच गळले, आणि विभागातली हुशार मुलं बहुतेक त्या आठांतच होती. म्हणजे चौथ्या वर्षाचा आकडा ज्यांना पुढे शिकता आलं नाही त्यांचाच. म्हणून 2013 ते 2015 च्या मुलांनाही फोन केले. 17 कमावते सापडले, त्यांतले सात शाळांत कायम, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पूर्ण पगारावर. त्या गटाचा मध्यक चौथ्या वर्षाच्या दुपटीहून जास्त होता. त्याच वयाच्या बारावीवाल्यांना आम्ही फोन केले नव्हते, म्हणून ही तुलना निर्णयात वापरली नाही, फक्त अहवालात जोडली.

इथे एक बाजू मी दडवणार नाही. कायम झालेले ते सात जण ज्या काळात लागले, तो काळ आता राहिलेला नाही. पट कमी म्हणून सरकारी मराठी प्राथमिक शाळा बंद पडत आहेत. आजच्या मुलीला "दहा वर्षं थांब, कायम होशील" असं सांगणं प्रामाणिकपणाचं नाही. मॅडमना हे ऐकून वाईट वाटलं, पण त्यांनीच ते अहवालात लिहायला सांगितलं.

निर्णय

शेवटची बैठक तीन तास चालली. भाईंनी स्वतःचा ठराव मागे घेतला नाही, बदलला. त्यांचं म्हणणं असं: कमाई पाहिलीच पाहिजे, पण तिच्यावरून पद काढायचं नाही, मुलांना आधी सांगायचं. मंडळाने एकमताने नाही, पण बहुमताने ठरवलं ते असं.

मराठी मेजर तीन वर्षं चालू, मग पुन्हा आढावा. सहायक प्राध्यापकाच्या पदाचा प्रस्ताव संचालनालयाकडे पाठवायचा. वाणिज्यसाठी एक शिक्षक संस्था आपल्या पैशातून नेमेल. मराठीत कौशल्याचा एक अभ्यासक्रम अनुवाद आणि मुद्रितशोधनाचा असेल, कारण यादीतले दोन जण पणजीतल्या मराठी दैनिकांत होते आणि दोघांनीही तेच सांगितलं: "आम्हाला हे तिथे जाऊन शिकावं लागलं." त्यांतला एक दर शनिवारी शिकवायला येतो. नव्या चार वर्षांच्या पदवी आराखड्यात इंटर्नशिपला श्रेयांक आहेत, ते दैनिकांत आणि अनुवादाच्या कामात मिळवायची सोय केली.

सगळ्यांत जास्त वाद माहितीपुस्तिकेवर झाला. चौथ्या वर्षाची कमाई प्रवेशाआधी छापायची का? मॅडमचं म्हणणं, छापलं तर वर्ग रिकामा राहील. मी छापण्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे. मुलगी आणि तिचे आईबाप तीन वर्षं देणार असतील तर त्यांना हे ठाऊक असण्याचा हक्क आहे. शेवटी सर्व विषयांची कमाई छापायची ठरली, मराठीची एकट्याची नव्हे. एकच संख्या न देता खालचा पाव भाग, मधला आणि वरचा पाव भाग अशा तीन संख्या, आणि किती जण शिकत आहेत, किती जण कमावत नाहीत, हेही शेजारी.

परिणाम

प्रस्ताव गेला, त्यावर एक शंका येऊन उत्तरही गेलं, मंजुरी अजून यायची आहे. तोवर मराठीचे ते 16 तास लेक्चर बेसिसवरच चालतात. हे मला टोचतं. शिकवायला येते ती आमचीच विद्यार्थिनी, प्राध्यापकपदाची नेट परीक्षा पास झालेली. ज्या प्रकारच्या पगारामुळे विषय नापास ठरत होता, तोच पगार आता आम्ही देत आहोत. निदान तिचं बिल महिन्याच्या पाच तारखेच्या आत जावं, आणि अनुदान यायला उशीर झाला तर संस्थेने आगाऊ द्यावं, एवढं भाईंनी मंजूर करून घेतलं. हायस्कूलमध्येही तेच लागू केलं. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला तास धरावा, असं पत्र संस्थेने खात्याला पाठवलं आहे.

वहीवाल्या मुलीच्या खूण नसलेल्या दोन महिन्यांचे पैसे दिवाळीपूर्वी आले. ती आता बीएडला गेली आहे. म्हणजे पुढच्या मोजणीत तीही गळणार.

प्रवेशावर पुस्तिकेचा काय परिणाम होतो, ते जूनमध्ये दिसेल.

पुन्हा करायचं झालं तर

वर्कलोडचा हिशोब मी पहिल्या दिवशी करून घेईन. सगळे वाद चालू असताना आमच्या लक्षात आलं की नव्या आराखड्यात मेजरशिवायचे, भाषेची क्षमता वाढवायचे तास वाणिज्यच्या मुलांनाही आहेत, आणि मराठी घेणारी मुलं तिथे भरपूर. मराठीच्या 30 तासांतले बरेचसे तिथून येत होते. म्हणजे मेजरमधली मुलं थोडी असली तरी विभाग जवळजवळ सगळ्या महाविद्यालयाला शिकवत होता. कमाई काढायची तर ती फक्त मेजरच्या मुलांची काढून विभागाचं पद ठरवणं मुळातच तोकडं. हे पहिल्याच बैठकीत मांडलं असतं तर मॅडमना चार महिने आपल्या विषयाची बाजू घेऊन एकटं उभं राहावं लागलं नसतं.

विभागाला समितीत सुरुवातीपासून घेईन. आम्ही त्यांना नंतर बोलावलं, आणि त्यामुळे त्यांना वाटलं की चौकशी बसली आहे.

पगार वर्षाचा विचारीन, महिन्याचा नाही, आणि तोही माणूस पुरता बोलून झाल्यावर. मुलगे आणि मुली वेगळे मांडीन, पहिल्याच तक्त्यात. नऊ जण सापडलेच नाहीत, त्यांचं काय झालं हे मला अजून बोचतं. त्यांतल्या दोघांचे पत्ते गावात जाऊन काढता आले असते, आम्ही फोन बंद लागला की नाव खोडलं.

या वर्षीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून आता निकालाआधी एक साधा अर्ज भरून घेतो. त्यात दोन फोन नंबर मागतो, एक स्वतःचा आणि एक आईचा. ही सूचना फोन करणाऱ्या त्या दोन विद्यार्थिनींची. लग्नानंतर मुलीचा नंबर बदलतो, आईचा सहसा तोच राहतो.